जर-तरचा रणगाडा

“आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते,” या एका वाक्याने आमच्या लहानपणी घरातली वडील मंडळी जर-तरच्या गोष्टी करणाऱ्याचे तोंड बंद करीत. गंमत अशी, की हीच मंडळी संध्याकाळी ओसरीवर बसली की जर-तरवाचून दुसरे काही बोलत नसत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ती रेघ थोडी खाली ओढली गेली असती तर. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी-खानापूरसारखेच बेळगावचेही माप टाकले असते तर. आणि अगदी मुळाशी जायचे, तर पानिपतावर विश्वासरावांना ती गोळी लागलीच नसती तर! बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या मराठी घरांत जर-तर हा मिठासारखा आहे. तो वेगळा वाढावा लागत नाही, सगळ्यांत असतोच. आम्ही त्याच ओसरीवर वाढलो. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात पुण्याहून सुट्टीला आलेल्या आमच्या नातवाने एक जाडजूड वही पुढ्यात ठेवली आणि “आजोबा, माझ्या रणगाड्याला नाव सुचवा,” असे म्हटले, तेव्हा आम्हांला त्याचा राग आला नाही. उलट घराण्याचा रोग पुढच्या पिढीत उतरल्याचे समाधानच वाटले.

महिना मोठा चमत्कारिक होता. ७ ते १० मे या चार दिवसांत भारत-पाकिस्तान संघर्षाच्या बातम्यांनी दूरचित्रवाणीचा पडदा भरून गेला होता. पुढे २० तारखेला जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. नातू नुकताच अकरावी झालेला. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचे इंग्रजी रूप त्याला पाठ्यपुस्तकात होते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघाताने अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपतच्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि मराठे जिंकतात, ही ती कथा. आम्ही ती मराठीत वाचली होती, त्याने इंग्रजीत. कोल्हापुरात जन्मलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने आमच्या ओसरीवरच्या जर-तरला विज्ञानाची बैठक दिली, याचा आम्हांला आपला उगाच शेजारधर्माचा अभिमान. नातवाने मात्र कथा संपते तिथून पुढे सुरुवात केली होती. मराठे जिंकले, राज्य टिकले, गिरण्या आल्या, रेल्वे आली, पोलाद आले. मग त्याच्या जगात १९४३ साल उजाडले, एक महायुद्ध सुरू झाले, आणि दख्खनच्या सैन्याला हवा होता एक मध्यम रणगाडा. वहीत त्याची सारी कुंडली मांडलेली होती: वजन २९ टन, तोफ ७५ मिलिमीटरची, समोरचे चिलखत ६० मिलिमीटर, बुरूज एकसंध ओतीव.

“मध्यमच का? एवढे राज्य टिकवलेस, तर चांगला मोठा कर की,” आम्ही म्हणालो.

“आजोबा, मोठा केला तर घाट कसा चढणार? आणि आपले पूल?”

उत्तर बिनतोड होते. रणगाड्याच्या शास्त्रात तीनच गोष्टींची ओढाताण असते: चिलखत, तोफ आणि चाल. संसारात जशी पगार, घरभाडे आणि लेकीचे लग्न यांची असते तशीच. एकाला दिले की दुसऱ्याचे कमी पडते. हलका रणगाडा पळतो, पण मार सोसत नाही. जड रणगाडा मार सोसतो, पण पुलावर चढवायची भीती वाटते आणि चिखलात रुतला तर बैलांच्या पन्नास जोड्यांनाही हलत नाही. या दोहोंच्या मधला तो मध्यम. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा शर्मन असाच सुमारे ३० टनांचा, ७५ मिलिमीटर तोफेचा आणि पाच माणसांचा होता. रशियाचा टी-३४ त्याहून हलका, पण उतरत्या चिलखताचा. सरळ येणारा गोळा त्यावरून घसरून जावा अशी योजना. पुढे इंजिने आणि तोफा इतक्या सुधारल्या, की मध्यम आणि जड हा भेदच पुसला गेला आणि १९६० नंतर ‘मुख्य रणगाडा’ ही एकच जात उरली. चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात तयार झालेला आपला विजयंत त्याच जातीतला. हे सगळे नातवाला तोंडपाठ होते. आम्ही ऐकत होतो आणि मधूनमधून मान हलवत होतो.

नावासाठी आम्ही पानिपताकडेच वळलो. १४ जानेवारी १७६१ रोजी त्या मैदानावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, आणि त्या उत्तम होत्या. पण जड होत्या. लढाई पुढे सरकली, माणसे पुढे सरकली, आणि तोफा होत्या तिथे राहिल्या. अब्दालीकडे उंटांच्या पाठीवर बसवलेल्या लहान तोफा होत्या, त्यांना जंबुरके म्हणत. त्यांची मारगिरी मोठी नव्हती. पण उंट जाईल तिथे त्या जात. रणगाडा म्हणजे तरी दुसरे काय? सरकणारी तोफ. म्हणून आम्ही म्हटले, “याचे नाव जंबुरका ठेव. ज्याने आपल्याला हरवले त्याचेच नाव आपल्या गाड्याला दिले, म्हणजे धडा विसरायला होणार नाही.” नातवाला ते पटले नाही. त्याला काहीतरी भारदस्त हवे होते. नावाचे घोंगडे भिजत पडले.

मग त्याने नकाशा उलगडला, आणि इथून आमची गंमत ओसरू लागली.

त्याच्या कथेत पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला शत्रू चोर्ला घाट चढून येतो, बेळगाव घेतो आणि उत्तरेला वळतो. दख्खनचे सैन्य कोल्हापूरहून पुढे येऊन त्याला दूधगंगेच्या काठी अडवते. नदी रणगाड्याला अडवते म्हणून त्याने नदी निवडली होती. त्यात दुसरा काही विचार नव्हता. लाल पेन्सिलीची ती रेघ कागल आणि कोगनोळी यांच्यामधून गेली होती. महामार्गाने जाणाऱ्या प्रत्येक बेळगावकराला ती जागा ठाऊक आहे. आजची राज्याची हद्द तिथेच लागते. निपाणी रेघेच्या या बाजूला, यमगर्णीचा वेदगंगेचा पूल या बाजूला, आणि आम्ही तर फारच या बाजूला.

“आजोबा, तुमचं घर शत्रूच्या ताब्यात!” नातू हसत म्हणाला.

“आणि शत्रू कोण?”

त्याने वही चाळली. तोफेच्या गोळ्याचा वेग लिहिला होता, पट्ट्यांची रुंदी लिहिली होती, शंभर किलोमीटरला तेल किती लागेल तेही लिहिले होते. शत्रूच्या जागी नुसते ‘शत्रू’ असे लिहिले होते.

आम्ही शहापूरचे. आमचे पूर्वज तिथे आले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होते आणि लगतचे बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. म्हणजे पेठ ओलांडली की राज्य बदले. माणसे सकाळी एका राज्यात उठून दुसऱ्या राज्यात बाजार करून येत. इतक्या रेघा या मातीने पाहिल्या आहेत, की घरांनी रेघांकडे लक्ष देणे सोडून दिले आहे; लक्ष देतात ती माणसे. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी कन्नड बोलणारे. त्यांच्याकडून संक्रांतीला एळ्ळू-बेल्ल येते, आमच्याकडून तीळगूळ जातो. पदार्थ जवळजवळ एकच, नाव तेवढे दोन. त्यांचा नातू आणि आमचा नातू गच्चीवर एकत्र क्रिकेट खेळतात. वहीतला रणगाडा दूधगंगा ओलांडून तोफ फिरवू लागला, तर त्याच्या नेमाच्या रेषेत आमची गच्ची येणार होती. हे आम्ही नातवाला बोलून दाखवले. तो काही बोलला नाही. पण पेन्सिल त्याने खाली ठेवली.

गैरसमज नको. सीमाप्रश्नाविषयी आमचे मत या पानांच्या वाचकांहून निराळे नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि कागदाची लढाई कागदावर लढली जावी, हेच आम्हांला योग्य वाटते. पण ओसरीवरचा जर-तर आणि वहीतला जर-तर यांतला एक सारखेपणा त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या ध्यानात आला. दोन्हींत आपण नेहमी जिंकणाऱ्या बाजूला असतो, आणि समोर कोण आहे याचा रकाना कोराच राहतो.

आमचा रोजगार उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेला. तेहतीस वर्षे आम्ही बिडाचे आणि पोलादाचे ओतकाम तपासले. तेव्हा ‘बुरूज एकसंध ओतीव’ या शब्दांशी आमचे डोळे अडकले नसते तरच नवल. कागदावर बुरूज ओतायला एक ओळ पुरते. भट्टीवर मात्र तसे होत नाही. वितळलेली धातू साच्यात थंड होताना आक्रसते, आणि पोलाद तर बिडापेक्षा जास्त आक्रसते. जिथे जाड भाग आणि पातळ भाग एकत्र येतात, तिथे पातळ भाग आधी गोठतो, जाड भागाला मागून रस मिळत नाही आणि पोटात पोकळी राहते. म्हणून साच्यावर रायझर ठेवायचे. त्यात साठवलेला रस शेवटपर्यंत पातळ राहून आतली तूट भरून काढतो. कोअर ओलसर राहिला तर वाफ धातूत शिरून ब्लो होल पडतात. वरून काम आरशासारखे गुळगुळीत आणि आत मुंगीच्या वारुळासारखे, असे नग आम्ही डोंगराएवढे पाहिले आहेत. त्यांच्यावर लाल रंगाची फुली मारायची आणि पुन्हा भट्टीत टाकायचे. शर्मनच्या एका प्रकाराची तर वरची सगळी कायाच ओतीव होती. तेवढे मोठे पोलादी ओतकाम हजारांनी काढणाऱ्या कारागिरांना आमचा दुरून नमस्कार.

नातवाला आम्ही विचारले, “तुझ्या शंभर बुरजांत बाद किती निघतात?”

“बाद? म्हणजे?”

त्याच्या कारखान्यात बाद माल निघतच नव्हता. कल्पनेतल्या भट्टीचा हाच मोठा दोष. तिथे मोल्डरचे हात भाजत नाहीत, कोळसा ओला निघत नाही, पाळी सुरू होण्याच्या वेळेला वीज जात नाही. कल्पनेतला इतिहासही असाच ओतला जातो. आपल्याला हवा तेवढा एक कण बदलायचा, आणि पुढचे सगळे ओतकाम बिनचूक निघाले असे धरून चालायचे. विश्वासराव वाचले, एवढेच बदलायचे. मग पुढच्या शंभर वर्षांत आपसांतली भांडणे झाली असती का, खजिना पुरला असता का, हे प्रश्न साच्याबाहेर ठेवायचे. खऱ्या इतिहासात बाद माल फार. पुण्याच्या जून १८१७ च्या तहाने बाजीरावाच्या खर्चाने इंग्रजांसाठी घोडदळ उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस पेशवाई इंग्रजांशी लढत होती, आणि ते घोडदळ इंग्रजांच्या बाजूला होते. त्याचीच परंपरा सांगणारी पूना हॉर्स ही पलटण पुढे रणगाड्यांवर चढली आणि स्वतंत्र भारतासाठी १९६५ आणि १९७१ साली अशी लढली, की तिने दोन परमवीरचक्रे मिळवली. हे वळण कुठल्या कथालेखकाला सुचले असते?

आमचे चुलते तात्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या सेंटरमध्ये भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा जवानांनी ज्या मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, ती हीच. घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथेच पडले. जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना उचलून आणले आणि ते परतले. तात्यांना पदक वगैरे काही मिळाले नाही. ते निपाणीजवळच्या गावी परत आले, तंबाखूची शेती केली आणि डाव्या कानाने आयुष्यभर कमी ऐकले. आम्ही मुले त्यांना लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून भंडावत असू. ते तंबाखू मळत बसत. एकदाच, पावसाळ्यात, घरात दुसरे कोणी नसताना ते बोलले. वाटेत एक जळका रणगाडा उभा होता, इंग्रजांच्या बाजूचाच. त्यांच्या तुकडीला रात्री त्याच्या आडोशाला थांबावे लागले. “गाडा बाहेरून हत्तीएवढा दिसतो,” तात्या म्हणाले, “पण आत माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसतो, रे. एवढासा. आणि दार त्याहून एवढंसं.” हाताने त्यांनी सुपाएवढा आकार दाखवला. त्यापुढे त्यांनी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

पुढे वाचनात आले, की शर्मनला गोळा लागला की आत रचलेला दारूगोळाच पेट घेई. म्हणून १९४४ मध्ये गोळ्यांचे कप्पे पाण्याने वेढण्याची युक्ती काढावी लागली. वाचले तेव्हा आम्हांला तात्यांचा तो हात आठवला. तो प्रसंग आम्ही नातवाला सांगितला. सांगून झाल्यावर वहीतल्या आकृतीकडे बोट दाखवून विचारले, “यात पाच माणसे बसतात म्हणतोस. ती कुठून बाहेर पडणार?”

सुट्टी संपल्यावर त्याला पोचवायला आम्ही पुण्याला गेलो, आणि तिथून एक दिवस काढून अहमदनगरला. त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. तिथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. झाडांच्या सावलीत निरनिराळ्या देशांचे रणगाडे ओळीने उभे आहेत, पावसाळ्यात गोठ्यात बांधलेल्या गुरांसारखे शांत. त्यांत पाकिस्तानी पॅटनही आहे. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या उसाच्या आणि पाणी सोडून चिखल केलेल्या शेतांत पॅटन रुतले आणि टिपले गेले. टिपणाऱ्यांत डेक्कन हॉर्सचे जुने शर्मनही होते. म्हणजे वहीतले ‘दख्खनचे मध्यम रणगाडे’ खऱ्या इतिहासात एकदा खरोखर लढले होते, आणि त्यांना साथ दिली होती ती उसाने. ऊस आणि चिखल काय चीज आहे, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

नातू तोफांकडे पाहील असे आम्हांला वाटले होते. तो एकेका गाड्याभोवती फिरून झडपा पाहत होता. सेंच्युरियनजवळ तो बराच वेळ थांबला. पूना हॉर्स १९६५ साली याच रणगाड्यांवर लढली. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर ११ सप्टेंबरला फिल्लोऱ्याजवळ जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत, आणि १६ तारखेला पडले. सहा वर्षांनी बसंतर नदीजवळ त्याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेल्या सेंच्युरियनमध्ये राहून लढले. त्यांचा जन्म पुण्याचा. वय किती, असे नातवाने विचारले.

“एकवीस.”

“म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठे.”

त्यांच्या रणगाड्याचे नाव फामागुस्ता होते, हेही आम्ही सांगितले. ते सायप्रसमधल्या एका गावाचे नाव. त्या नावाशी आपला काय संबंध? काहीच नाही. तरी ते नाव आज आदराने घेतले जाते, ते आत बसलेल्या माणसांमुळे.

परतीच्या वाटेवर तो फारसे बोलला नाही. आम्हीही ओसरीवरच्या जर-तरांचा विचार करीत होतो. वडील मंडळी एकेक करून गेली. त्यांचे जर-तर खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे काही गेले आहे त्याला ‘असे झाले नसते तर’ म्हणण्याचा हक्क आहे; दुःख बोलायचे एवढे एकच व्याकरण पुष्कळांना येते. गंगाधरपंतांनाही शेवटी आपल्याच जगात परत यावे लागले. पण जर म्हटल्यावर तर म्हणण्याआधी क्षणभर थांबावे, आणि गाड्यात कोणाला बसवतो आहोत, समोर कोणाला उभे करतो आहोत, ती नावे लिहावीत. नावे लिहिताना हात अडला, तर तो जर सोडून द्यावा. नाही अडला, तर खुशाल पुढे जावे. आमच्या तपासणीच्या हातोडीने ओतकामावर टकटक केले, की खणखणीत नग निराळा बोले आणि भेगाळलेला निराळा. जर-तरांनाही तशी एक हातोडी हवी.

दिवाळीच्या सुमारास नातवाने वहीच्या एका पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर पाठवले. रणगाड्याच्या बुडाला एक झडप वाढली होती, आणि चालकाच्या डोक्यावरचे दार रुंद झाले होते. त्यापायी वजन वाढून ३१ टन झाले, म्हणून समोरचे चिलखत थोडे पातळ करावे लागले, असे त्याने बारीक अक्षरात लिहिले होते. खाली पाच माणसांसाठी पाच ओळी आखल्या होत्या, कोऱ्या. त्यांच्याखाली सहावी ओळ होती: ‘गाड्यामागून चालणारे पायदळ’. तिथे तात्यांचे नाव होते.

शत्रूचा रकाना त्याने खोडला होता. कथा तिथेच अडली आहे म्हणतो. रणगाड्याच्या नावाचे अजून काही ठरलेले नाही.